राखेत ठेवलेला हात

परवा सकाळी शाळेला निघताना दाराला कुलूप लावत होते आणि वास आला. चुलीचा नाही, कचऱ्याचा नाही. शेण, पाचोळ्याचा पातेरा, आईनाच्या झाडाची वाळलेली पानं आणि वर पसरलेली माती हे सगळं मिळून धुमसतं तेव्हा येतो तो. खाली उताराला कुठल्यातरी पाड्यावर या वर्षीचा पहिला राब पेटला होता. जव्हार उंचावर असल्यामुळे चारी बाजूंचा धूर वर चढून आमच्याकडे येतो आणि होळी उलटली की सगळं गाव धुरकट होऊन बसतं. घाटावरून बदलून आलेले मास्तर खोकतात, नाकाला रुमाल बांधतात, कुणाकडे तरी तक्रार केली पाहिजे म्हणतात. मी इथलीच. मला त्या वासाने भूक लागायची. नाचणीची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि बसायला शेताचा बांध. आता तीन उन्हाळे झाले, त्या वासाने माझे हात गार पडतात.

त्याच दुपारी मधल्या सुट्टीत यमुना व्हरांड्यात बसलेली दिसली. यमुना म्हणजे आमच्या पाड्यावरच्या धावजीकाकाची सून. जामसरच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून अर्धा तास चालत गेलं की आमचा पाडा लागतो. तिथून ती सकाळीच निघाली असणार. पिशवी पोटाशी घट्ट धरून बसली होती. मी पाणी दिलं. ते ती घटाघट प्यायली आणि मग म्हणाली, "सासऱ्याला घास उतरत नाय, मॅडम. नाशिकला नेला होता. कागद दिलेत."

कागद मी तिथेच पाहिले. शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला कळू नयेत असे ते शब्द आहेत, पण मला ते पाठ आहेत. अन्ननलिका. यकृतापर्यंत पसरलेलं. खाली पुढच्या तारखेची चिठ्ठी टाचलेली होती. तीन वर्षांपूर्वी अगदी असेच कागद मी माझ्या पर्समध्ये घडी घालून ठेवले होते, फक्त वर नाव बाबाचं होतं.

"काका काय म्हणतो?" मी विचारलं.

"काय नाय म्हणत. म्हणतो, बायला बोलव. ती सांगंल तसं करू."

आमच्याकडे लेकीला बाय म्हणतात. बाबा गेल्यापासून मला बाय म्हणणारी दोनच माणसं राहिली आहेत, आय आणि धावजीकाका. रविवारी येते असं मी यमुनाला सांगितलं. ती गेली. पुढच्या तासाला मी फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही, पण वर्ग एकदम शांत होता एवढं आठवतं.

*

राब म्हणजे भाताचं रोप जिथे टाकायचं तेवढा जमिनीचा तुकडा उन्हाळ्यात भाजून काढायचा. खाली शेण, त्यावर पातेरा, त्यावर फांद्या, त्यावर गवत आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. भाजल्याने तणाचं बी मरतं, किडा मरतो, माती मोकळी होते. मग पावसात तिथे रोप हिरवंगार उठतं. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं आणि मीही मुलांना एवढंच शिकवते. पण राब पेटवणं ही शिकवायची गोष्ट नाही असं बाबाचं म्हणणं होतं.

तो राब नेहमी उजाडताना पेटवायचा, वारा अजून अंग चोरून असतो तेव्हा. आणि पेटवायचा तो उलट्या बाजूने, म्हणजे आगीला वाऱ्याच्या तोंडावर चालत जावं लागेल असा. वाऱ्याच्या पाठीवर बसलेली आग धावत सुटते, वरवरचं सगळं काळं करते आणि खाली काही पोचत नाही. वाऱ्याशी भांडत जाणारी आग हळू जाते आणि खोल जाते. लहानपणी मी कंटाळून विचारायची, किती वेळ लागेल. तो म्हणायचा, "तुना काहाची घाई? माती कुठं पळून चालली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो राबाशी उकिडवा बसायचा आणि राखेत हात खुपसायचा, मनगटापर्यंत. डोळे मिटून तसाच थांबायचा. वरून सगळ्या राखा सारख्याच दिसतात. खाली ऊब मुरलेली असेल तर आग पोचली, नसेल तर नाही. हात काढून तो दोनांतला एक शब्द बोलायचा. "पोचली." किंवा "नाय पोचली." पाड्यावरची माणसं आपापल्या राबावर त्याला बोलावून न्यायची. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि थोडं हसूही यायचं, कारण त्यानंतर दिवसभर तो राखाडी हात तसाच घेऊन हिंडायचा आणि त्याच हाताने भाकरी खायचा.

तीन वर्षांपूर्वी माघात तो आईनावर चढून फांद्या छाटत होता. खाली उतरला, बांधावर बसला, भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तुकडा छातीत अडकला. तो पाणी प्यायला. पाणीही थांबलं. आयने पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, सावकाश खा की. त्याने उरलेली भाकरी फडक्यात परत बांधली. मी सुट्टीला घरी आले होते, मी हे सगळं पाहिलं, आणि मला वाटलं भाकरी कोरडी असेल. पुढे महिनाभर आमच्या घरात भाकरी कोरडीच होत राहिली. मग ती पेजेत कुस्करायला लागली आय. मग नुसती पेज.

*

नाशिकला जाणारी एसटी मोखाड्यावरून जाते, मग घाट, मग त्र्यंबक. बाबा खिडकीशी बसायचा. तपासण्यांच्या त्या पहिल्या फेऱ्यांना त्याला प्रवासाची मजाच वाटत होती असं मला आता आठवतं. कुणाच्या शेतात फांद्यांचे ढीग रचून तयार आहेत, कुणाचं अजून काहीच नाही, हे तो मला सांगत राहायचा. "हा पाहा. एवढा आळशी माणूस. याचं भात कापायला दिवाळी उलटंल." मी हो हो करायची. पर्समधली फाईल मांडीवर होती.

तिथली डॉक्टर माझ्याहून लहान होती. तेल लावून चापून बसवलेले केस, डोळ्यांखाली जागरण. तिने मला आत बसवलं आणि साध्या मराठीत, एकही शब्द न लपवता सांगितलं. हे बरं होणार नाही. औषध चढवलं तर काही महिने वाढतील, कदाचित. त्यातले बरेच दिवस येण्याजाण्यात आणि अंथरुणावर जातील. नाही चढवलं तर दुखणं दाबायचं औषध देऊ, घास उतरावा म्हणून गळ्याखाली नळी बसवता येईल, आणि जेवढे दिवस आहेत तेवढे घरी. दोन्हीतलं काहीही चूक नाही, ती म्हणाली. फक्त त्यांना काय हवंय ते त्यांना विचारा. मग तिने दाराकडे पाहिलं. बाबा बाहेर बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"त्यांना आत बोलवू का? मी समजावून सांगते."

मी म्हटलं, "नको."

तो 'नको' किती पटकन आला माझ्या तोंडून. वर्गात एखादं पोर धड्यातलं वाक्य न वाचताच पान उलटतं तसा.

बाहेर आल्यावर बाबाने विचारलं, "काय म्हणली?"

"औषध आहे म्हणाली."

यात खोटं काही नव्हतं. शाळेत असल्या उत्तराला मी अर्धा गुण देते.

का लपवलं, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय. चांगली कारणं भरपूर आहेत. घरात शिकलेली मी एकटी. आयची भिस्त माझ्यावर. स्टाफरूममध्ये सगळे म्हणत होते, प्रयत्न तर करायलाच पाहिजेत, नाहीतर आयुष्यभर खंत राहील. आमच्या शाळेच्या एका बाईंना तशाच औषधाने गुण आला होता, त्या आजही तिसरीचा वर्ग घेतात, त्यामुळे औषधाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण खरं कारण एवढंच की मला बाबा हवा होता. कसाही चालला असता. आडवा पडलेला, ओकणारा, टक्कल पडलेला, कसाही, पण असलेला. त्याला स्वतःला तसं असायला आवडेल का, हा प्रश्न मी त्याच्यापर्यंत जाऊच दिला नाही.

*

पण बाबा असा सहजासहजी सुईला हात देणारा नव्हता. घरी आल्यावर तो म्हणाला, "धावजीला विचारू. दाणं सांगतील तसं."

धावजीकाका आमच्या पाड्याचा भगत. बाबाचा लहानपणापासूनचा सोबती; दोघांनी एकत्र गुरं राखली, एकत्र आईनावरून पडले, एकाच मांडवात दोघांची लग्नं झाली. कुणाचं मोठं काही अडलं की काका दाणे पाहायचा. पळसाच्या पानावर तांदळाची एक चिमूट ठेवायची आणि दोन-दोन दाण्यांच्या जोड्या लावत जायच्या. सगळ्या जोड्या जुळल्या तर विचारलेली गोष्ट करायची. शेवटी एक दाणा एकटा उरला तर करायची नाही. माझा त्यावर विश्वास नव्हता. नव्हता म्हणूनच मला इतकी भीती वाटली. माझा बाप एका दाण्यावर घरी थांबला असता.

दाणे पाहायच्या आदल्या दुपारी मी काकाकडे गेले. तो ओटीवर बांबू चिरत बसला होता, टोपल्या करायला. पात्यांचा ढीग, हिरवा वास. मी सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं सांगायचं होतं तेवढं.

"डॉक्टरीण काय बोलली?" त्याने विचारलं.

"जायलाच पाहिजे म्हणाली."

हे मात्र सरळ खोटं होतं. याला मी भोपळा दिला असता.

"मग दाणं पण तेच बोलतील. काहाला भितेस?"

"नाही बोलले तर?"

त्याचा कोयता थांबला. "नाय बोललं तर नाय बोललं."

मी रडायला लागले. बाई म्हणून, मॅडम म्हणून, मी पाड्यावर कुणासमोर कधी रडले नव्हते. "काका, जोडी जुळव," मी म्हटलं. "एवढं कर. तुझा दोस्त आहे तो."

बराच वेळ त्याने नुसता हातातला बांबू फिरवला. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, त्यांच्यावर माश्या बसत उठत होत्या. लांबून कुणाच्या तरी राबाचा धूर अंगणात येऊन थांबला आणि उन्हाचा रंग लाल झाला.

"दाणं खोटं नाय बोलत, बाय," तो शेवटी म्हणाला. "मी बोलंन."

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात पान मांडलं. आयने जमीन सारवून ठेवली होती. काकाने चिमूट उचलली, कपाळाला लावली, पानावर ठेवली. दोन, दोन, दोन. त्याची जाडजूड बोटं त्या पांढऱ्या दाण्यांवरून सरकत होती आणि मी माझी बोटं पदरात गुंडाळून उभी होते. जोड्या जुळल्या. सगळ्या. पानावर एकटं कुणी उरलं नाही. बाबाने पानाकडे पाहिलं, मग काकाच्या हाताकडे, मग माझ्याकडे. नंतर उठून त्याने टोपी डोक्यावर ठेवली.

"जायचं," तो म्हणाला.

*

चैत्रात आमच्याकडे बाहेरून आलेला माणूस आधी माठाकडे जातो. पहिली सुई घेऊन आलो त्या दिवशी बाबा तसाच गेला. पेला भरला, ओठाला लावला आणि पेला हातातून सुटून जमिनीवर पडला. त्याने गळा दोन्ही हातांनी धरला होता. "काटं हायत पाण्यात," तो म्हणाला. त्या औषधाने गार काही सोसत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. कागदावर लिहूनही दिलं होतं. मी वाचलं होतं. पण ऐन उन्हाळ्यात माणसाला माठातलं पाणी पिता येणार नाही म्हणजे काय, ते तो पेला पडेपर्यंत मला कळलं नव्हतं. त्यानंतर आय त्याला कोमट पाणी देऊ लागली. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, घरात धुराने डोळे चुरचुरत होते, आणि तो भिंतीला टेकून कोमट पाणी पीत होता. त्याची नजर माठावर असायची.

परतीच्या एसटीत आता तो खिडकीतून बाहेर पाहत नसे. डोळे मिटलेले, हातात प्लास्टिकची पिशवी. कुणाचे राब तयार आहेत, कुणाचे पेटले, हे मीच सांगायला लागले. तो ऐकायचा की नाही कोण जाणे. घाटात दोन्ही बाजूंनी डोंगर काळे पडत चालले होते, जागोजाग धुराच्या रेघा. एकदा तो डोळे न उघडता म्हणाला, "किती भाजलंय." डोंगरांबद्दल बोलतोय की स्वतःबद्दल, ते मी विचारलं नाही.

मग हात गेले. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या, मग तळवे बधिर. सदऱ्याचं बटण सापडेना. तंबाखू तर त्याने केव्हाच सोडली होती, पण रिकामी डबीही त्याला उघडता येईना, आणि तो ती हातात घेऊन बसून राहायचा. आयने एकदा डबी उघडून दिली. त्याने ती मिटली आणि पुन्हा स्वतःच उघडायला लागला.

आमच्या पाड्यावर राब पाळीपाळीने भाजतात. आज सगळी माणसं तुझ्या राबावर, उद्या माझ्या. आमची पाळी आली तेव्हा आम्ही तिसऱ्या सुईसाठी नाशिकला होतो. पाळी पुढे ढकलायची तर सगळ्यांचीच कामं मोडतात, म्हणून आय थांबा म्हणाली नाही. माणसं आली, पण शेजारच्या राबाचं काम आवरून आली, तोवर ऊन चढलं होतं आणि वारा सुटला होता. पेटवायला बाबा नव्हता. कुणीतरी जवळच्या टोकाकडून काडी लावली. आय सांगत होती, आग नुसती धावत गेली, बसून घोटभर पाणी पिऊन होईपर्यंत सगळं आटपलं. तिला वाटलं, बरं झालं, लवकर झालं.

*

आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्या सकाळी बाबा काठी घेऊन राबाकडे निघाला. मी मागे. एवढ्याशा वाटेत तो तीनदा थांबला. राबाशी पोचल्यावर तो जुन्या सवयीने उकिडवा बसायला गेला, ते जमलं नाही, मग मातीतच बसला. आणि त्याने राखेत हात खुपसला.

तसा तो खूप वेळ बसला. डोळे मिटले होते. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते, तो दोनांतला कुठला शब्द बोलतो याची वाट बघत. त्याने डोळे उघडले आणि हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"माना कळत नाय," तो म्हणाला. "बाय, तू ठेव."

मी हात घातला. वरची राख उन्हाने तापलेली होती. खाली बोटं गेली तसा गारवा लागला, ओलसर. आणखी खाली गवताच्या मुळ्या, जिवंत, चिवट, बोटात गुंतणाऱ्या.

"पोचली?"

"पोचली, बाबा."

त्याने मान हलवली. माझा हात अजून राखेतच होता. मग तो अगदी सहज, एसटीत कुणाच्या शेताबद्दल बोलावं तसा बोलला.

"धावजीच्या अंगठ्याखाली एक दाणा होता. दाबून धरला होता. माना दिसला."

"मग तू गेलास कशाला?"

"तू शिकलेली. धावजीला खोटं करायला लावलंस म्हणजे कायतरी असंल. माना वाटलं, दाण्यांना नाय माहीत असं काही तुना माहीत असंल."

तो थांबला, जसा हात खुपसून थांबायचा तसाच.

"नव्हतं ना?"

मी मान हलवली. नव्हतं काही, बाबा. उलट जे माहीत होतं ते ऐकून तू कदाचित त्या दिवशीच टोपी घालून घरी आला असतास आणि हा राब स्वतः पेटवला असतास. हे सगळं मी बोलले नाही, पण त्याला पोचलं असावं. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने फक्त काठी जवळ ओढली.

"बरं. आथा ती सुई नको," तो म्हणाला. "घास उतरायचं काय असंल ते करू. उठव माना."

मी उठवलं. त्याच्या बधिर हातात माझा राखाडी हात होता.

नळी बसवायला आम्ही आणखी एकदाच नाशिकला गेलो. त्या डॉक्टरने मला काही विचारलं नाही. ती बाबाच्या बाकाशी जाऊन खाली वाकून त्याच्याशीच बोलली. जी नळी होळीला बसली असती ती वैशाखात बसली. तिच्यामुळे पेज उतरायला लागली, पुढे शिजवून घोटलेला भात, आणि अंगातलं औषध उतरलं तसा माठही त्याला परत मिळाला. पहिला गार घोट घेताना तो आधी घाबरला, मग हळूच घेतला, मग पेला पुढे केला. असे सोळा दिवस. ते आयने मोजले होते, मी नाही. त्यातले बरेचसे तो आंब्याखाली खाटेवर पडून होता. धावजीकाका रोज येऊन शेजारी टोपल्या विणत बसायचा. दोघं काय बोलायचे ते मला माहीत नाही, मी जवळ गेले की ते करवंदांबद्दल बोलायला लागायचे. सतराव्या दिवशी सकाळी आय पेज घेऊन गेली तेव्हा त्याने तोंड उघडलं नाही. काका शेजारी बसलाच होता, हातातली अर्धी टोपली तशीच धरून.

आषाढात राबात रोपापेक्षा गवत जास्त उगवलं. आय मला एक शब्द बोलली नाही. भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन ती ओणवी होऊन गवत उपटत राहिली, आणि मीही तिच्या शेजारी. प्रत्येक मुठीला तेच वाटायचं की याच्या मुळ्या माझ्या बोटांना लागल्या होत्या, आणि मी पोचली म्हणाले होते.

धावजीकाकाने त्या वर्षापासून दाणे हातात घेतले नाहीत. लोक म्हणाले, त्याचा देव उतरला. कुणी म्हणाले, म्हातारा झाला. त्याने कुणाला काही सांगितलं नाही.

*

आज रविवार. सकाळी पहिल्या गाडीने जामसरला उतरले आणि पाड्याच्या वाटेला लागले. दोन्ही बाजूंना राब धुमसत होते. पुढची झाडं दिसत होती, त्यामागची नाही. मोहाची फुलं पायाखाली येत होती. वाटेत मला एकही माणूस भेटला नाही, सगळे कुठल्यातरी पाळीवर असणार. अर्ध्या वाटेवर एकदा मला परत फिरावंसं वाटलं. आजारी पडल्याचा निरोप यमुनाला पाठवता आला असता. असल्या निरोपांची मला सवय आहे.

काका ओटीवर बसला होता. बसला होता म्हणजे भिंतीला टेकवून ठेवला होता. गालफडं आत गेलेली, सदरा अंगावर मोठा झालेला. तीच ओटी, कोपऱ्यात बांबूच्या वाळलेल्या पात्या. समोर सूप होतं, त्यात पळसाचं पान आणि पानावर तांदळाची चिमूट. यमुनाने पाणी दिलं आणि ती दाराशी बसली.

"आलीस, बाय," काका म्हणाला. आवाज पार बसला होता. "नाशिकला मला बाहेर बसवला. पोरग्याला आत नेला. तो पण आल्यावर म्हणाला, औषध आहे."

मी यमुनाकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती.

काकाने सूप माझ्याकडे सरकवलं. "माझं हात आथा ते काम करत नाय. तू पाह दाणं. जायचं का राहायचं."

मी चिमूट उचलली. तांदूळ होता, नुसता तांदूळ, आमच्याच पाड्यावरचा, थोडा लालसर. अंगठ्याखाली एक दाणा दाबून धरायला कितीसा वेळ लागतो. आणि दाबायचा की सोडायचा हेही मला माहीत नव्हतं. तो राहिला तर घरी राहील, नाशिकला गेला तर कदाचित पुढची होळी बघेल, त्यातलं त्याला काय हवंय ते मला माहीत नव्हतं. ते त्यालाच माहीत असणार, आधी बाकीचं कळलं तर.

दाणे मी पानावर परत ठेवले. "काका, दाणे नको. मी कागद वाचलेत."

तो थोडा वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला. अंगठ्याकडे.

"मग तेच सांग," तो म्हणाला. "तुझ्या बापाला नाय सांगितलंस ते."

यमुना दारातून उठून जवळ येऊन बसली. मी फाईल उघडली, मिटली, बाजूला ठेवली. "काका," मी म्हटलं, "हे बरं होणार नाही." आणि तो ऐकायला पुढे वाकला, म्हणून मग मी पुढचंही सांगायला लागले.